थांबल्याची पोच

गाडी थांबली, आणि थांबून झाल्यावर मागून तिला कुणीतरी ढुशी दिली.

दिनानाथ घरत दार उघडून तरातरा मागे गेला. गाडी म्हणजे लालभडक, बिनक्लचची पिकअप. चार दारं, पाठीला हौदा, सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. तिला धडक द्यायची हिंमत कुणाची झाली, ते त्याला तिथल्या तिथं बघायचं होतं. मागे, मधून एखादी एसटी आरामात वळेल एवढ्या अंतरावर, मासळीवाली रंगू स्कूटरवर पाय टेकून उभी होती. पुढ्यात बोंबलांची टोपली.

"दिसत नाय काय गो? धडक मारलीस!"

"मी?" रंगूने आधी टोपलीकडे पाहिलं, मग दिनानाथकडे. "दिनादादा, मी इकरं, तुजी गारी तिकरं. मदी अर्धं गाव जेवायला बसल. इकरशी काय बोंबील फेकून मारला मी?"

"मंग धक्का कोनी दिला?"

"गारी तुजी. तिलाच इचार."

दिनानाथने बंपर तपासला. ओरखडा नव्हता. तो पुन्हा आत बसला, नाक्यापर्यंत गेला, ब्रेक दाबला. गाडी लोण्यासारखी थांबली. त्याने समाधानाने श्वास सोडला, आणि तो पुरता सुटायच्या आत पाठीत धप्पकन बसली.

यजमानांचा निरोप घेऊन आपण उंबऱ्याबाहेर पडावं आणि मग घरच्यांनी पाठीवर हात ठेवून थोडं ढकलावं, तशातला तो धक्का होता. त्याने काही मोडत नव्हतं. एवढ्याशा धक्क्याने सहसा माणसाची झोप उडत नाही. दिनानाथची उडाली, कारण त्याला एक भाऊ होता.

धाकटा भाऊ दिपेश भिंतीपलीकडे राहायचा. बापाचं मिठागर बंदराच्या कामात गेलं, तेव्हा दोघांनी मोबदल्यातून ट्रेलर घेतले, घरं बांधली आणि मधे भिंत घातली. पण भिंत बेताची उंच ठेवली. पलीकडचं दिसलंच नाही तर माणसाने प्रगती करायची कशाला? दिपेशने एक मजला चढवला की दिनानाथ दोन चढवायचा. दिनानाथने तुळशीला संगमरवर लावला की दिपेश आपल्या तुळशीला फिरते दिवे लावायचा. न्हावा शेव्याच्या गेटवर दोघांचे ट्रेलर मागेपुढे लागले, तरी दिनानाथ ड्रायव्हरला फोन करून विचारायचा, "पुढं कोन?"

शिमग्याला दिपेश पांढरी पिकअप घेऊन आला. नारळ फोडला, पेढे वाटले, आणि भिंतीवरून पेढा देताना एकच वाक्य बोलला, "दादा, हिला क्लच नाय. डावा पाय आपला नुस्ता ठेवून दियाचा."

पेढा गोड होता. वाक्य उतरलं नाही. पंधरवडाभर दिनानाथ जुनी गाडी चालवत होता आणि क्लच दाबताना दर वेळी त्याच्या मनात यायचं, की या घटकेला दिप्याचा डावा पाय नुसता ठेवलेला असेल. शेवटी गुढीपाडव्याला त्याने तीच गाडी घेतली. वरचं मॉडेल, लाल रंग. आता ती दिपेशच्या गाडीपेक्षा जास्त चकाकणं भाग होतं. दिपेश गाडीवर कापड घालून ठेवायचा आणि अमावास्येला धुवायचा. दिनानाथने परसातल्या विहिरीवर जोराच्या फवाऱ्याचा पंप बसवला आणि सकाळ-संध्याकाळ गाडी धुवायला सुरुवात केली. वरून, बाजूने, आणि खाली पाइप घालून पोटालासुद्धा. नळाचं गोडं पाणी वाया घालवायचं नाही हा घराचा नियम त्याने कटाक्षाने पाळला.

हे सगळं दोन भावांमधलं होतं, तोवर ठीक होतं. पण दिवाळीनंतर भाचीचं लग्न ठरलं.

सगुणा ही दोघांची थोरली बहीण. तिला दोघेही 'बाय' म्हणायचे आणि दोघेही घाबरायचे. तिची लेक प्राप्ती दिघीकडच्या घरात द्यायची ठरली होती. लग्न किहीमला, एका नारळीच्या वाडीत. आणि आपल्याकडे नवरी मांडवाला जाते ती मामाच्या गाडीतून. पहिली गाडी मामाची, बाकीचं वऱ्हाड तिच्या मागे. प्राप्तीला मामा दोन आणि पहिली गाडी एकच.

"मी थोरला," दिनानाथ फोनवर म्हणाला.

"माजी गारी आधीची," दिपेश भिंतीपलीकडून, त्याच फोनला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला.

"दोगं गप बसा," सगुणा म्हणाली. "मागचे सालाला माजे जावेचे पोरीचे लग्नात करवलीचे हातचा कलस नवरीचे अंगावं सांडला. सगला मेकप गळ्यापरत आला. नवऱ्यानं वळखली नाय. मी रविवारी येतंय. कलस भरून दोगांचे गारीत बसतंय. ज्याचे गारीत पानी सांडनार नाय, त्याचे गारीत माजी पोर."

आणि हे ठरलं त्याच आठवड्यात लाल गाडीने ढुश्या द्यायला सुरुवात केली.

सल्ल्याला गावात तोटा नव्हता. घरटी एक ट्रेलर आणि माणशी एक मत. सदा नावाचा जुना ट्रेलरवाला गाडीत बसला, धक्का खाल्ला आणि डोळे मिटून म्हणाला, "असा धक्का कवा येतंय, ठाव हाय? कंटेनरचं लॉक सुटलं का."

"माजे गारीला कंटेनर नाय."

"मंग बरंच झायला. असता तर पडला असता."

नाक्यावरच्या गॅरेजवाल्या विनेशने बॉनेट उघडून आत पाहिलं. बॉनेट उघडून आत पाहणं हे त्याचं ठरलेलं काम. मग तो म्हणाला, "क्लच प्लेट गेली."

"हिला क्लचच नाय."

"तेच बोलतोय. गेली."

शेवटी दिनानाथ शोरूमला गेला. तिथे एका टायवाल्याने गाडीला लॅपटॉप जोडला. लॅपटॉपने सांगितलं, गाडी ठणठणीत आहे. खाली वाकून बघायची पद्धत तिथे नव्हती. टायवाला गोड हसून म्हणाला, "सर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे ना, तो तुमची सवय शिकत असतो. तुम्ही जसे, तशी गाडी होत जाते."

घरी येऊन दिनानाथने हे बायकोला सांगितलं. केसरने भाकरी उलटली.

"खरंय त्याचं. भांडान संपल्यावं शेवटला एक टोमना मारल्याबिगर तुमी कवा उठलाव?"

म्हणजे घरातही निदान झालं. दिनानाथचं स्वतःचं निदान मात्र वेगळंच होतं. गाडीला दृष्ट लागली होती, आणि ती कुणाची, हे भिंतीच्या उंचीवरून उघड होतं. त्याने पुढे लिंबू-मिरची बांधली, मागे काळी बाहुली आणि खाली जुनी चप्पल. धक्का येतच राहिला. फरक एवढाच, की आता प्रत्येक धक्क्याला चप्पल मान डोलवायची.

शुक्रवारी त्याने शेवटचा उपाय केला. धक्का नेमका कुठून येतो ते कळावं म्हणून हौद्यात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि तिच्यावर केसरला बसवलं.

"कान दे. आवाज पुढून येतंय का मागून, तेवरं सांग."

"लोक काय बोलतील?"

"लोकांना काय कलतंय!"

गाडी अंगणातून निघाली आणि फाटकाशी थांबली. थांबताना केसर खुर्चीसकट सरकत केबिनच्या काचेला येऊन चिकटली. मग धक्का आला, आणि ती खुर्चीसकट सरकत मागच्या फळीला गेली. दोन्ही प्रवासांत तिने तोंडातून अक्षर काढलं नाही. बोलायचं बरंच होतं, ते ती घरात जाऊन बोलणार होती.

भिंतीपलीकडे दिपेश दात घासत उभा होता.

"दादा, वैनीला कुटं नेतोस?"

"फिरायला."

"हौद्यात?"

"हवेशीर असतंय."

दिपेशने ब्रश गालात सरकवला. "आनि थांबल्यावं तो धक्का कसला बसला?"

माणसाला खोटं सुचायला वेळ लागतो असं म्हणतात. भाऊ समोर असला तर लागत नाही.

"धक्का?" दिनानाथ हसला. "अरे, ती पोच हाय."

"कसली पोच?"

"थांबल्याची. आता बग, क्लच नाय, आवाज नाय, काय नाय. गारी थांबली का चाललीय, मानसाला कलनार कसं? म्हनून ती थांबली का मागशी एक पोच देते. का बाबा, थांबलो मी. उतरा आता."

"माजे गारीला नाय."

"तुजी साधी," दिनानाथ मायेने म्हणाला. "ही वरचे मॉडेललाच असते."

दिपेशचा ब्रश तोंडातच राहिला. मागे हौद्यात केसर कंबर धरून उठत होती. तिने दोघांकडे पाहिलं, आणि खुर्ची उचलून ती घरात गेली.

त्याच दुपारी दिपेश शोरूमला गेला आणि गाडीला पोच बसवून मागू लागला. टायवाल्याने असं काही नसतं हे तीन भाषांत सांगितलं. इतक्या परीने नाही म्हणतात म्हणजे वस्तू नक्की आहे आणि ती मोठ्या गिऱ्हाइकांसाठी दडवून ठेवलीय, एवढं दिपेशला कळत होतं. तो बाहेर आला आणि गाडीत विचार करत बसला. समोर दोन पेडल होती. उजव्या पायाला दोन्हींचं काम होतं. डावा पाय नुसता ठेवलेला होता.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याने सराव केला. उजव्या पायाने गाडी थांबवायची, अलगद अ‍ॅक्सिलरेटरला बोट लावायचं आणि त्याच क्षणी डावा पाय ब्रेकवर आपटायचा. पहिल्यांदा त्याचं कपाळ स्टिअरिंगवर आलं. शनिवारी दुपारपर्यंत हात, म्हणजे पाय, बसला. दिपेशची पोच आता मूळच्या पोचेपेक्षा ठसठशीत होती.

संध्याकाळी दिनानाथ विहिरीवर पंप लावून गाडी धुवत होता. भिंतीपलीकडे पांढरी पिकअप फाटकातून आत आली, थांबली, आणि थांबून झाल्यावर धाडकन हबकली. दिनानाथच्या हातातला पाइप केसरच्या वाळवणावर वळला तरी त्याला कळलं नाही. त्या रात्री तो पोटभर जेवला. आपली गाडी बरी झाली नव्हती. पण भावाची आजारी पडली होती, आणि माणसाला एका वेळी किती सुख हवं?

रविवारी सगुणा आली. सोबत प्राप्ती, हातात पितळेचा कलश, वर आंब्याची पानं. कलश काठोकाठ भरला होता. आधी ती दिपेशच्या गाडीत मागे बसली. गाडी देवळापर्यंत अशी गेली, की पानाचं टोकही हललं नाही. सगुणाच्या चेहऱ्यावर कौतुक दिसू लागलं. दिपेशला वाटलं, खरी करामत अजून बाकी आहे. त्याने गाडी थांबवली आणि डावा पाय आपटला.

कलश आपल्या जागी राहिला. पाणी निघून सगुणाच्या मांडीवर आलं.

"काय झायला रं?"

"पोच, बाय! बसली ना बरोबर?"

"बसली," सगुणा पदर पिळत म्हणाली. "गाभ्यापरत बसली."

दिनानाथने ते लांबून पाहिलं आणि एका गोष्टीची मनाशी खूणगाठ बांधली. गाडी थांबल्यावर धक्का बसतो. थांबलीच नाही, तर? कलश पुन्हा भरून सगुणा लाल गाडीत बसली, तसा तो निघाला. देऊळ आलं, तो वळला. तळं आलं, तो वळला. पुन्हा देऊळ आलं.

"दिना, थांब की आता."

"थांबतंय, बाय. हवा बग कशी सुटलीय."

"मामा, आपण हे देऊळ मघाशी पण पाहिलं," प्राप्ती म्हणाली.

"चांगलं हाय ना पन?"

तो आणखी किती वेळ असा फिरला असता, देव जाणे. पण देवळाच्या वळणावर रंगू टोपली उतरवून गिऱ्हाईक करत होती. एकीकडे पापलेटं, एकीकडे तळं. दिनानाथने ब्रेक दाबला. गाडी थांबली. दिनानाथने डोळे मिटले. आणि धप्प.

"आज मी लांब हाय हां, दिनादादा!" रंगू ओरडली.

सगुणा उतरली. आता ती दोन्ही मॉडेलांच्या पाण्याने भिजली होती. तिने गाडीला एक फेरी मारली, मग पदर खोचून ती सरळ खाली वाकली. गाडीच्या पोटाशी, पुढून मागे गेलेल्या लोखंडी दांड्यावर, पांढरं काहीतरी थरावर थर धरलं होतं. तिने नखाने खरवडलं. पाहिलं. आणि जिभेवर ठेवलं.

"बाय!" दोघे भाऊ एकदम ओरडले.

"मीठ हाय," ती म्हणाली. तिने जीभ टाळ्याला लावून पुन्हा चव घेतली. लहानपणी आगरावर बापाच्या मागे फिरलेली जीभ होती ती. "खारीचं नाय. कडवट लागतंय. आपले हिरीचं."

खाडीकाठच्या त्या विहिरीचं पाणी डाळ शिजवायलासुद्धा चालत नाही, हे तिघांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं.

"कितीदा धुतोस गारी?"

"सकाळी," दिनानाथ म्हणाला. मग खालच्या आवाजात, "आनि सांजंला."

"खालशी पन?"

"खालशी पन."

"कशाला?"

दिनानाथची नजर आपोआप पांढऱ्या गाडीकडे गेली, आणि सगुणाला तेवढं पुरलं.

"बापाचं आगर गेलं म्हनून रडत होतास," ती म्हणाली. "घे. गारीखाली चालू हाय."

विनेशला बोलावलं. मीठ दाखवल्यावर त्याचंही ज्ञान एकदम उजळलं. त्या दांड्यात एक सरकता सांधा असतो. गाडी थांबली की तो गुपचूप थोडा आत सरकायचा असतो. पंपाने त्यातलं ग्रीस धुऊन काढलं होतं आणि जागेवर मीठ भरलं होतं. सांधा अडकून बसायचा आणि गाडी थांबल्यावर उशिराने, झटक्याने सुटायचा. विनेशने सांधा साफ केला, ग्रीस भरलं, आणि गाडी पहिल्या दिवसासारखी थांबायला लागली.

"म्हंजे वरचे मॉडेलला पोच नसते?" दिपेशने विचारलं.

कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने खाली आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. त्या पायाला आता सवय लागली होती. ब्रेक लावायची वेळ आली की बोलावल्याशिवाय यायचा. दिपेशने त्याला परोपरीने समजावलं, सँडल काढून पाहिली, मांडी घालून बसून पाहिलं. पण आयुष्यभर क्लच दाबलेला पाय, कितीतरी दिवसांनी त्याला काम मिळालं होतं.

तेव्हा निकाल सरळ होता. पहिली गाडी दिनानाथची. तो आनंदाने इतका फुगला, की सगुणाला पुढचं वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

"ऐक. गारी तुजी, मंग दिप्या चालवल, डावा पाय बांधून. तू मागं पोरीजवल बस."

"दिप्या? त्याचे पायात माजी गारी? मेलो तरी नाय!"

"मंग विनेशला बसव."

"कोनाला नाय. गारी माजी, मी चालवनार. सगल्यांना दिसू दे, कोनाची हाय."

"बग हां."

"बगितलं."

दिनानाथने सगळं बघितलं होतं, फक्त एक सोडून. जो गाडी चालवतो तो मागे बसू शकत नाही.

लग्नाच्या दिवशी लाल गाडी झेंडूने मढवली होती. मागे मधोमध प्राप्ती, एका बाजूला कलश घेतलेली करवली, दुसऱ्या बाजूला भाचीचा हात हातात घेऊन दिपेश. गुलाबी फेटा, गळ्यात उपरणं, डावा पाय नुसता ठेवलेला. दिनानाथनेही फेटा बांधला होता, पण तो आरशाच्या आड यायला लागला म्हणून पेणच्या पुढे काढून ठेवावा लागला. मग उरले पांढरा शर्ट आणि पांढरी पँट. किहीमपर्यंत कलशातला एक थेंब सांडला नाही.

वाडीच्या तोंडाशी बँड उभा होता. फोटोवाले धावले. दार उघडलं. दिपेश उतरला, भाचीला हात दिला, आणि पाकळ्या त्याच्या फेट्यावर पडल्या. दिघीकडचे पाहुणे त्याला नारळ देऊन मिठ्या मारू लागले. "मामा, या! मामा, हिकडं बघा! मामा, जरा हसा!" दिनानाथ घाईघाईने पट्टा सोडून दार उघडणार, तोच छातीला बिल्ला लावलेल्या एका उत्साही गृहस्थाने ते बाहेरून बंद केलं आणि छतावर थाप मारली.

"चल चल, गाडी पुढं घे! मामांना गर्दी होतेय."

"अहो, मी पन..."

"पार्किंग तिकडं, विहिरीच्या मागं. तुमचं जेवण तिथंच लावलंय."

मागून हॉर्न वाजू लागले. पहिली गाडी हलल्याशिवाय वऱ्हाड आत येणार नव्हतं. दिनानाथने गाडी घेतली.

विहिरीच्या मागे नारळीच्या सावलीत ड्रायव्हर मंडळी पत्रावळी घेऊन बसली होती. मांडवातून मंगलाष्टकांचा आवाज येत होता. माडांच्या फटीतून गुलाबी फेटा स्पष्ट दिसत होता. मामा भाचीच्या पाठीशी ताठ उभे होते. कडेला बसलेल्या दिघीच्या ड्रायव्हरने सरकून जागा दिली, लाल गाडीकडे पाहिलं, मग मांडवाकडे.

"मालक झोकदार आहे हो तुमचा," तो म्हणाला. "किती वर्षं आहात त्याच्याकडं?"

दिनानाथने वरणाची वाटी पुढे ओढली.

"तो जलमला तवापासून."